चिन्यांना पळवणारा हत्ती

मी चौथी शिकले आणि पेणला गणपतीच्या कारखान्यात लागले. पस्तीस वर्षं डोळ्यांची आखणी केली. आता हायडेलबर्गला मुलाकडे असते. इथे हाताला काम नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या व्हिएतनामी बाईने हत्तीचं डोकं करून मागितलं तेव्हा मी आधी हो म्हटलं आणि कशाला ते नंतर विचारलं.

ती माझ्याच वयाची. कपडे दुरुस्त करायचं दुकान चालवते. मी तिथे बटणं लावत बसते. आम्ही एकमेकींना ओमा, म्हणजे जर्मनमध्ये आजी, म्हणतो, कारण बिल्डिंगमधली पोरं दोघींना तशीच हाक मारतात. दोघींचं जर्मन सारखंच मोडकं, त्यामुळे भांडण फार लांबत नाही.

तिच्या लोकांचा मार्चच्या सुमाराला एक सण असतो, दोन बहिणींचा. दोन हजार वर्षांपूर्वी तिकडे चिन्यांचा अंमल होता. त्यांच्या सुभेदाराने थोरलीच्या नवऱ्याला मारलं. थोरली रडत बसली नाही. धाकटीला घेऊन हत्तीवर चढली, गावोगावची माणसं गोळा केली, चिन्यांना हाकललं आणि स्वतः राणी झाली.

"आमच्याकडे अशा बायका घोड्यावर बसतात," मी म्हटलं.

"घोड्यावर कोणीही बसतं," ओमा म्हणाली.

सणाला इथल्या एका हॉलमध्ये त्यांची पोरं या गोष्टीचं नाटक करतात. गेल्या वर्षी हत्ती म्हणजे एक राखाडी चादर होती. चिनी झालेली पोरं पळायची सोडून हसत सुटली. नाटक बसवणाऱ्या बाईला ओमाने सगळ्यांदेखत सुनावलं, "पुढच्या वर्षी हत्ती मी आणते. बघू चिनी कसे पळत नाहीत!" त्या बाईने लगेच सगळं नाटकच हिच्या गळ्यात मारलं. आता चिनी पळाले नाहीत, तर ओमाला त्या हॉलमध्ये पाऊल टाकायची सोय नव्हती.

मी तारेचा सांगाडा केला, त्यावर कणकेच्या खळीने वर्तमानपत्रं चिकटवली. आठ दिवसांत डोकं तयार. शेवटी डोळे आखले. हात जराही हलला नाही. मी खूश होते. ओमा वर आली, दोन्ही हात कमरेवर ठेवून बघत राहिली.

"हा चिन्यांना बसवून जेवायला वाढेल," ती म्हणाली.

मी पुन्हा बघितलं. सोंड डावीकडे वळलेली. एक दात अर्धा. डोळे असे, की आत्ता विचारील, काय पाहिजे बाळा? मी लढाईचा हत्ती करायला बसले होते आणि हाताने गणपती करून ठेवला होता.

"दात पुरा कर, डोळे पुसून रागीट काढ," ओमा म्हणाली. "रविवारी नाटक आहे."

मी करवत शोधायला उठले, तर सून आडवी आली. सून मोठी इंजिनियर, मोटारींचे ब्रेक तपासते. आदल्या दिवशी तिने हत्तीला कुंकू लावून पुढे दिवा ठेवला होता, हे मला तेव्हा कळलं.

"अहो आई, करवत काय चालवताय! डोळे उघडलेत त्याचे."

"अगं, रद्दी आहे ती. वर जाहिरात दिसतेय बघ सोफ्याची."

"ते काही असू दे. माझ्या घरात नाही चालायचं."

घर तिचं. मी करवत खाली ठेवली. पण खरं सांगायचं तर अडचण दुसरीच होती. रागीट डोळा कसा असतो तेच मला ठाऊक नव्हतं. आयुष्यभर हत्तीची तोंडं रंगवली, पण रागावलेला हत्ती एकदाही बघितला नव्हता.

शनिवारी नातीला म्हटलं, चल प्राणिसंग्रहालयात. नात दहा वर्षांची. नाटकात हत्तीचे पाय ती होती. डोकं आम्ही एका हातगाडीच्या पुढे बसवणार होतो, दोघी बहिणी गाडीत आणि कापडाखाली गाडी ओढणारी ही. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते, आमचं चालतं.

थंडीत तासभर उभ्या राहिलो. हत्ती नुसते गवत खात होते. मग एका फांदीवरून दोघांची जुंपली. त्यातला मोठा थांबला आणि त्याने डोकं वर केलं. बाकी काही नाही. धाकटा फांदी टाकून मागे सरला.

"आजी, डोळे तेच आहेत," नात म्हणाली. "फक्त वरून बघतोय."

मला हसू आलं. कारखान्यात आम्ही नजर खाली वळवायचो, कारण पूजा करणारा खाली बसलेला असतो. घरी जाऊन मी डोळ्यांना किंवा दाताला हात लावला नाही. मानेखाली लाकडाची पाचर ठोकली आणि सोंड आभाळाकडे जाईल एवढं डोकं मागे कलवलं. तेच मायाळू डोळे आता सोंडेवरून असे खाली बघू लागले, की समोरचा माणूस म्हणजे वाटेतली मुंगी. अर्धा दात लढाईत तुटल्यासारखा दिसायला लागला. सुनेने लांबूनच हात जोडले. ओमा दोन पावलं मागे गेली, एवढं मला पुरे होतं.

रविवारी हॉल भरला होता. तोंडाने तुतारी वाजवत, गाडी गदागदा हलवत नात हत्ती घेऊन आली. चिनी सैन्य पाच-सहा वर्षांचं, हातात पुठ्ठ्याच्या तलवारी. त्यांनी वर बघितलं. पहिला किंचाळला आणि सगळे तलवारी टाकून मागच्या स्वयंपाकघरात पळाले. लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडायला लागले. ओमाने गेल्या वर्षीच्या बाईकडे मान वळवून बघितलं.

पण नाटक संपलं नव्हतं. तीन वर्षांनी चीनहून मोठं सैन्य येतं, बहिणी हरतात आणि नदीत उडी घेतात. पुढे कित्येक शतकं चिन्यांचाच अंमल. निळी साडी मी नदीसाठी दिली होती, ती जमिनीवर अंथरून तयार. पण सैन्य येईना. ती बाई आत जाऊन आली.

"ते टेबलाखाली बसून रोल खाताहेत. हत्ती गेल्याशिवाय येत नाही म्हणतात."

"मग नका येऊ," ओमा म्हणाली.

"अहो, पण इतिहास असा नाही!"

"मला माहीत आहे कसा आहे. त्यांना समजवायला तुम्ही जा."

ती बाई पुन्हा गेली. मग कोणाची तरी आई गेली, मग बाप. दोघी राण्या कंटाळून साडीवर मांडी घालून बसल्या आणि त्यांनीही खायला मागितलं.