मधली जागा

जगाचा इतिहास इसवी सनात मोजतात, ही आमच्या घरमालकांच्या मते साफ चूक आहे. तो अँबॅसेडर मोटारीच्या पुढच्या जाळीवरून मोजायला हवा. कॉलेजातल्या नोकरीसाठी मी नाशिकहून इंदूरला आले आणि मल्हारगंजात त्यांचा वरचा मजला बघायला गेले, तेव्हा काकांनी पगार विचारला नाही, नवरा काय करतो तेही विचारलं नाही. जन्मसाल विचारलं. मी सांगितल्यावर, त्या साली कोणतं मॉडेल निघत होतं ते डोळे मिटून आठवलं आणि म्हणाले, "मतलब तुम्ही मार्क थ्री. बसा, चाय घ्या." जागा मिळाली. पुढे एका भाच्याच्या लग्नाच्या बोलणीत "मुलगा मार्क फोर, मुलगी नोव्हा, अंतर जरा ज्यादा पडतंय ना," असं म्हणून त्यांनी दोन्हीकडच्या मंडळींना बुचकळ्यात टाकल्याचं काकू अजून सांगतात.

काकांचे पणजोबा दरबारात घोड्यांच्या पागेवर होते. घोडे गेले, पागा गेली, पण ते रक्त कुठे जाणार? सकाळी पूजा आटोपली की काका खाली येऊन आपली पांढरी मार्क फोर पुसतात, तेही घोड्याला खरारा केल्यासारखी, मानेकडून शेपटीकडे. पुसता पुसता जो सापडेल त्याला इतिहास ऐकवतात. गाडीचा नकाशा विलायतेचा, पण तिथल्या लोकांनी तिला थोड्याच वर्षांत निरोप दिला, "आपण तिला पन्नास साल नांदवलं, प्रोफेसरबाई, तेही सासुरवास न करता." कोणत्या मार्कला जाळी बदलली, कधी दिवे सरकले, सगळं तोंडपाठ. कारखाना बंद झाल्याची बातमी आली तेव्हा त्यांनी दहा दिवस जिलबीला हात लावला नव्हता. इंदुरात राहून हे करणं म्हणजे खायचं काम नाही. काकूंनी ते दहा दिवस जिलबी स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ली.

मात्र हा इतिहास दर वेळी एकाच जागी थांबे. नवं इंजिन आलं, गिअर स्टेअरिंगखालून पायाशी गेला आणि पुढे बाकासारखं सलग सीट होतं तिथे दोन सुट्या खुर्च्या आल्या, इथवर येऊन काका फडकं झटकत. "त्याच्या आगे इतिहास नाही. नुसती बिक्री आहे." एवढा राग कशाचा, हे मला गेल्या वर्षापर्यंत कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी गिअर अडकू लागला. गॅरेजच्या मिस्त्रींनी गाडीखाली जाऊन पाहिलं आणि हात पुसत सांगितलं, "बाबूजी, स्टेअरिंगवाले गिअर का सामान अब आता ही नहीं. फ्लोर में करवा लो, आगे दो सीट अलग-अलग डाल दूँगा."

काकांनी आधी पुढच्या सलग सीटकडे पाहिलं. मग काकूंकडे बोट करून म्हणाले, "और ये कहाँ बैठेगी?"

"बाजू में. खिड़की के पास."

"इतनी दूर?" काका म्हणाले.

मिस्त्री हसले. मला हसू आलं नाही. लग्न झाल्यापासून काकू त्या गाडीत काकांच्या अगदी शेजारी, सीटच्या मधोमध बसत आल्या होत्या. खिडकीशी कुणी नसलं तरी मधेच. माणसाने एवढा इतिहास पाठ करावा आणि त्यातली खरी गोष्ट कुणाला सांगू नये, याचं मला भरून आलं.

मग आठवडाभर काका सामान शोधत फिरले. इकडे काकू गुपचूप वेगळ्याच तयारीत. एका दुपारी त्यांनी मला कपाटातून नवा गॉगल काढून दाखवला. "चाळीस वर्षं पायाशी इंजिनची धग खाल्ली हो. यांना कधी बोलले नाही. आता खिडकी मिळते आहे तर हवा खाते थोडी." आणि लावूनही दाखवला. इतक्या खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं.

आठवडा संपता संपता काका मिस्त्रींबरोबर जवळच्या हातोद गावाहून आले ते विजयी मुद्रेने. तिथे एका शेतात जुनी मार्क फोर उभी होती, मालक तिच्यात लसणाची पोती ठेवायचा. तिचा गिअरचा दांडा, सळ्या, सगळं त्यांनी सोडवून आणलं होतं. अंगणात लसणाचा वास सुटला. "तुझी जागा पक्की," काका काकूंना म्हणाले.

काकूंनी एकदा माझ्याकडे पाहिलं. "बरं झालं बाई," त्या काकांना म्हणाल्या. आत जाताना गॉगल माझ्या हातात दिला. "तुम्ही घाला. यांना सांगायचं नाही, हां."

मी सांगितलेलं नाही. काकांची नजर आता अधू झाली आहे, गाडीची फेरी बडा गणपतीच्या देवळापर्यंत जाऊन परत, एवढीच उरली आहे. संध्याकाळी मी गच्चीतून बघते. डावी खिडकी रिकामी आणि दोन पांढरी डोकी एकमेकांना लागून. गल्लीच्या तोंडाशी गाडी डावीकडे वळते, तेव्हा काकू काकांच्या खांद्यावर कलंडतात. वळण संपतं, रस्ता सरळ होतो, तरी काकू काही लगेच सरळ होत नाहीत.