दोन आयांची ब्रिता

माझ्या आईच्या दुधावर वाढलेली एक गोरी मुलगी काल स्वीडनमध्ये वारली.

ब्रिता. माझी दूधबहीण.

तिच्या मुलाचा मेसेज आला आणि मी ओट्यावर पीठ तसंच सोडून खुर्चीत बसले. आमच्या पारोळ्याच्या गल्लीत आता तिला ओळखणारं कुणी उरलं नाही. म्हणून इथे लिहितेय.

साठचं दशक. ब्रिताचे आईवडील मिशनरी. गावाबाहेर त्यांचा बंगला, शेजारी छोटा दवाखाना.
ब्रिता झाली तेव्हा तिची आई, आमच्या मडम, तापाने अंथरुणाला खिळलेल्या. दूधच नाही.
माझी आई, जिला सगळे अक्का म्हणायचे, तिथे कामाला होती. मी तान्ही होते.
अक्काने एका बाजूला मला घेतलं, दुसऱ्या बाजूला तिला.

आम्ही बौद्ध, ते ख्रिस्ती. आम्हा पोरींना काय त्याचं! आम्ही एकाच ताटात भरीत-भाकरी खायचो आणि अहिराणीत भांडायचो.
मडमना पुस्तकातली मराठी छान यायची. अहिराणी मात्र अजिबात कळायची नाही.

सहा वर्षांची झाली आणि ब्रिताला दक्षिणेत, डोंगरावरच्या बोर्डिंगला पाठवलं. त्यांच्यात सगळ्यांचीच मुलं तिकडे जायची. सुटी फक्त हिवाळ्यात. नाताळ धरून दोन महिने.

त्या पहिल्या सुटीला मडमनी किती तयारी केली होती! पतंगाच्या कागदाच्या चांदण्या. सुरूची फांदी आणून बादलीत उभी केलेली. आल्याची बिस्किटं, त्यांच्या गावाकडे करतात तशी. सगळ्या बंगल्यात तो वास.

जळगाव स्टेशनवरून जीप आली.
मडम पायरीवर हात पसरून उभ्या.

ब्रिता उडी मारून उतरली, त्यांच्या शेजारून पुढे पळत गेली आणि अक्काला बिलगली.
"माय वं!"

मडमचे हात तसेच राहिले. मी ते पाहिलेत.

संध्याकाळी त्यांनी अक्काला बाजूला बोलावलं.
"अक्का, मला ती वर्षातून दोनच महिने मिळते. ते मला द्या. सुटी संपेपर्यंत तुम्ही येऊ नका."
अक्का म्हणाली, "बरं, मडम."

घरी येऊन मी थयथयाट केला. अक्का चुलीपुढे बसली होती. एवढंच म्हणाली,
"पोरगी तिनी शे. आपली नही."
आणि त्या दिवशी तिने भाकरी थापल्या, पण स्वतः एकही खाल्ली नाही.

पुढचे दिवस आम्ही बंगल्याकडे फिरकलो नाही. दवाखान्यातल्या बायका सांगायच्या, पोर जेवत नाही. बोलतसुद्धा नाही.

बोलणार कशात? घरातली स्वीडिश बोर्डिंगमध्ये अर्धी विसरलेली. इंग्लिश नवी नवी, शाळेपुरती.
मनातलं सगळं अहिराणीत.
आणि ते समोर बसलेल्या आईला कळत नाही.

नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी आमच्या दारात सावली पडली.
मडम. हाताला धरून ब्रिता. आमच्या गल्लीत मडम त्याआधी कधी आल्या नव्हत्या.

"अक्का, ही सकाळपासून तेच तेच बोलते आहे. मला समजत नाही. मला सांगा ना, माझी मुलगी काय म्हणते?"

अक्का खाली बसली. ब्रिताचं तोंड पदराने पुसलं. "काय व्हयनं वं माय?"

ब्रिता म्हणाली, "माले तठे नही जानं. माले आठेच ऱ्हाऊ द्या."

मडम अक्काच्या तोंडाकडे बघत होत्या.
खोटं सांगता आलं असतं. भूक लागली म्हणते, असं काहीतरी.
पण अक्काने खरं ते सांगितलं. "मडम, पोर म्हणते, परत बोर्डिंगला जायचं नाही. इथेच राहू द्या."

मडम आमच्या शेणाने सारवलेल्या अंगणात मटकन बसल्या आणि मोठ्याने रडल्या. एवढी मोठी बाई अशी रडताना मी कधी पाहिली नव्हती.
"ते माझ्या हातात नाही, अक्का. ते माझ्या हातात नाही."

अक्काने त्यांना पाणी दिलं. मग पाठीवर हात ठेवला.

तो नाताळ आम्ही एकत्र केला. दोन बाया, मधे एक पोर. मडम प्रत्येक शब्द विचारायच्या, अक्का सांगायची.

जानेवारीत ब्रिता परत गेलीच. जायचीच होती.

असे काही हिवाळे. मग सत्तरच्या दशकात ते कायमचे मायदेशी निघाले. स्टेशनवर गाडी येईपर्यंत मडमनी ब्रिताचा हात अक्काच्या हातात राहू दिला. गाडी आल्यावरही आधी अक्कानेच सोडला.

अक्का गेली त्याला बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत थंडी पडली की म्हणायची, "पोरगी कशी व्हई वं?"

मला ब्रिता फेसबुकवर सापडली तेव्हा आम्ही दोघी आजी झालो होतो. नंतर तिची स्मृती जाऊ लागली. आधी नवऱ्याचं नाव गेलं. मग स्वीडिश गेली.

गेल्या आठवड्यात मुलाचा व्हिडिओ कॉल आला. इंग्लिशमध्ये म्हणाला, मॉम दोन दिवस काहीतरी म्हणतेय, नर्सना कळत नाही, मलाही नाही, तुम्हाला कळतं का?

फोन तिच्यासमोर धरला. एवढीशी झाली होती.
मी आता अक्कासारखीच दिसते, सगळे म्हणतात. ब्रिता टक लावून बघत राहिली.

"उनी का माय?" आलीस का आई, असं मला विचारत होती.

मी म्हटलं, "हां. उनू."

"माले थंडी वाजी ऱ्हायनी वं."

दोन दिवस. दोन दिवस ती एवढंच सांगत होती.

मी मुलाला म्हटलं, बाळा, तिला थंडी वाजतेय. पांघरूण घाल.
त्याने घाईघाईने घातलं. पायही झाकले. आणि माझ्यासमोरच रडायला लागला.
ब्रिताने डोळे मिटले.

ब्रिता, नीज आता. तुझ्या पारोळ्याच्या बहिणीचा तुला शेवटचा नमस्कार.