माह्या कडीचा झोका

मी अप्रेंटिस लागलो तेव्हा माही पोरगी पाचवीत होती. तिनं इचारलं, "बाबा, तुमाले बी दप्तर भेटन का?"

मी म्हनलं, "नाही व माय, मले चामड्याचा एप्रन भेटते."

"अन् परीक्षा?"

"ते बी हाय."

तिनं माह्याकडं असं पाह्यलं, जसं लोक बिमार मानसाकडं पाहतात. तिले मालूम होतं का बापानं चौथीतच शाया सोडली. सोडली म्हंजे काय, मी अन् मास्तरनं एकमेकाले सोडलं. दोघाईची तब्येत सुधरली.

त्याच्या आधी अमरावतीत मी सारं करून पाह्यलं होतं. संत्र्याच्या सीझनमंदी पेट्या ठोकल्या, त हातोडी पेटीपेक्षा माह्या बोटावर जास्त पडे. ऑटो चालवला, त सवारीच मले रस्ता सांगे. एकदा मोझरीच्या यात्रेच्या गर्दीत फुगे इकाले गेलो. असा वारा सुटला का फुगे देवाघरी गेले अन् मी माह्या घरी आलो. शेवटी अकोल्याले एमआयडीसीतल्या एका कारखान्यात हेल्पर म्हनून चिकटलो. दाल मिलच्या मशिनी बनवतात तथी. मी लोखंड उचले, झाडे, अन् लोकाईले हसवे. तिसरं काम कोनी सांगतलं नव्हतं, पन तेच मले बरं जमे.

त्या कारखान्यात युनियन हाय. युनियननं भांडून एक गोठ मालकाकडून कबूल करून घेतली होती. जो हेल्पर चांगला हाय, त्याले शिक्षन नसलं तरी दोन वर्ष वेल्डिंगची अप्रेंटिसगिरी करता येईन. पास झाला का तो पर्मनंट. नाही त मंग ठेकेदाराच्या हाताखाली, आज हाय उद्या नाही. युनियनवाल्याईनं माहं नाव टाकलं. मले वाटलं, मजाक करून राहिले. माह्या आयुष्यात माहं नाव आजवर गैरहजेरीतच लागलं होतं.

पयल्या दिवशी शेडमंदी गेलो. कोपऱ्यात एक पन्नाशीची बाई बाकड्यावर बसून होती. साडीवर मानसाचा फुल शर्ट, डोक्याले रुमाल, समोर चहाची किटली. मी मोठ्या रुबाबात म्हनलं, "मावशी, एक कट द्या. कडक."

शेडमंदले समदे आमच्याकडं पाहू लागले. बाईनं मले खालून वरपर्यंत पाह्यलं. मंग कट भरला, माह्या हातात देल्ला अन् म्हने, "पिऊन घे. मंग एप्रन बांध. मी तुही मास्तरीन हावो."

चहा माह्या नाकातून आला.

तवापासून समदी शेड मले 'कट' म्हनते. अजून म्हनते. नवीन मानसाले वाटते आडनाव असन.

आता मावशीची गोठ सांगतो. ती बी झाडू माराले लागली होती तथी, लोखंडाचा भुसा झाडे. झाडता झाडता वेल्डरच्या मांगं उभी राहे अन् डोयापुढं धराची कायी काच मांगून पाहे. लोक हसत. एक दिवस तिनं वेल्डिंगचं होल्डर हातात घेतलं, मंग तिच्या हातातून ते कोनाले घेता आलं नाही. ह्या युनियनच्या कायद्यानं पास झालेली पयली अप्रेंटिस म्हंजे ती. मोठ्या टाकीच्या तळाशी एका कुशीवर पडून, मान वाकडी करून, ती वेल्डिंगची अशी लाइन मारे का जशी एखाद्या बाईनं साडीले बारीक काठ लावला. वरची खपली हातोडीनं नुसती टिचकी मारली का सपकन निंघून जाये. खाली चांदीवानी लाइन. मी कित्येक वेळा माहं काम सोडून तेच पाहत राहो.

अन् माही लाइन? ती पाहून मावशी म्हने, "लय साजरी कोंबडी चालली रे. पायाचे ठसे बी उमटले. आता अंडं कुठी देल्लं ते सांग."

पन तिनं कधी हात झटकला नाही. माह्या मांगं उभी राहून माह्या मनगटाले नुसतं एक बोट लावे. त्या एका बोटानं माहा हात सुधा चाले. बोट काढलं का कोंबडी पुन्हा सुटे.

असं वर्षभर चाललं. हप्त्याभर अकोल्याले खोलीवर राहो, सुट्टीच्या दिवशी अमरावतीले घरी. अशाच एका सुट्टीले माहा साया घरी आला. बायकोचा लहाना भाऊ. शेड उभारनीचे ठेके घेते. पाट मांडून बसला अन् म्हने, "जवाईबापू, दोन वर्ष काय शिकून राहिले तुमी? डॉक्टर होता का?"

मी म्हनलं, "लोखंडाचा."

"मजाक सोडा. नांदगाव पेठले कपड्याच्या कारखान्याचं नवं शेड उभं होऊन राहिलं. वेल्डर भेटत नाही. माह्यासंगं या. आताच्या दुप्पट पडन, अन् रोज घरी मुक्काम. तुमाले लोखंडाले लोखंड चिकटवता येते ना?"

"चिकटते त खरं."

"मंग? तथी सर्टिफिकेट कोन पाहते?"

मले लय पटलं. दुप्पट पैसा, घरचं जेवन, पोरगी डोयापुढं. बायको पोया लाटत होती. मी तिले इचारलं, "कसं करू मंग?"

ती म्हने, "तुमाले येते का वेल्डिंग?"

"अव, एक वर्ष झालं ना!"

"वर्ष नाही इचारलं मी. येते का ते इचारलं."

मी आनखी एक पोई मांगतली.

सायाले मी जवळजवळ हो म्हनून टाकलं. नुसतं एक राह्यलं होतं, झोका. ते झालं का अकोल्याले रामराम.

झोका म्हंजे आमच्या शेडची रीत. कोनं चालू केली, कोनाले मालूम नाही. पयलं वर्ष सरलं का अप्रेंटिसनं दोन मोठ्या कड्या बनवाच्या अन् वरच्या गर्डरले वेल्डिंग कराच्या. त्याले साखया लावून पाट टांगतात, अखाजीले, म्हंजे अक्षय तृतीयेले, निंबाच्या झाडाले टांगतात तसा. अन् त्या झोक्यावर पयले कोन बसते? ज्यानं शिकवलं तो. चेल्याच्या कामावर गुरूचं वजन. तो झुलला का समदे टाया वाजवतात, चिवडा वाटतात, अन् चेल्याचं दुसरं वर्ष चालू होते. मले दुसरं वर्ष कराचंच नव्हतं. पन झोका पाह्यजे होता. टाया वाजल्याशिवाय जाची आपली इच्छा नव्हती. मानसाले मानसन्मान लागते, काम नसलं तरी.

एक कडी मी खरंच बरी केली. दुसरीले गर्डरपाशी फट जास्त राहिली. अशी फट हयूहयू, थर थर भराव लागते. मावशीनं शंभरदा दाखवलं होतं. पन वर हात करून करून मान दुखून आली होती, एक ठिनगी शर्टात जाऊन मले नाचवून गेली होती, अन् माहं मन त नांदगावले पोहोचलं होतं. म्हनून मी काय केलं, का वेल्डिंगच्या रॉडचा एक तुकडा तोडला, त्या फटीत कोंबला, अन् वरून लाइन मारून देल्ली. वर्षभरात कधी नव्हती तेवढी साजरी लाइन आली. आतमंदी समदं पोकय. वरून पाह्यलं त मावशीच्या हातचं वाटावं.

मावशीनं शिडीवर चढून पाह्यलं. हातोडीनं ठोकून पाह्यलं. खाली उतरली अन् साऱ्या शेडपुढं म्हने, "ह्या कटनं आज माही इज्जत ठेवली. टांगा पाट."

तोपर्यंत मले वाटत होतं का ती पकडन, शिव्या देईन, पुन्हा कराले लावन, समदे हसतीन, झालं. पन ती त खुश झाली! रुमाल नीट बांधला. एका हातात चहाचा कप घेतला. चहा घेऊनच झुलाची तिची आदत होती, थेंब सांडला नाही पाह्यजे. अन् झोक्याकडं चालू लागली, नवरीवानी.

पाट गुडघ्याभर उंच होता, पन गर्डर वर, कडी लोखंडाची. मले एकदम तिचं डोकं दिसलं, रुमाल बांधलेलं. मंग जे कधीच कोनी केलं नव्हतं ते मी केलं. पयत गेलो, मावशीच्या पुढून घुसलो, अन् पाटावर धपकन बसलो.

"काहून बे कट! लाज हाय का?" कोनीतरी वरडलं.

मी म्हनलं, "आधी मी—"

बस. तेवढंच बोलनं झालं. वर कट्ट वाजलं. मी, पाट अन् साखई, तिघं संगंच खाली आलो. कडी माह्या पायापाशी पडली. मी ज्या भागावर पडलो त्या भागाचं नाव इथं लिहत नाही, पन त्यानं पुढं लय दिवस माही आठवन ठेवली.

समदी शेड हसली. मी बी हसलो, आदत हाय. मंग मावशीनं कडी उचलली अन् पाह्यली. तुटल्या जागेतून रॉडचा तुकडा बाहेर डोकावत होता, भरल्या वांग्यातून देठ डोकावते तसा. तिनं तो अंगठ्यानं दाबून पाह्यला. तिले पाहून समद्याईचं हसनं थांबलं.

मले वाटलं आता कडी डोक्यात बसते. पन तिनं ती वर धरली, साऱ्याईले दाखवली, अन् सरय आवाजात म्हने, "हे मले दिसलं नाही. मी शिडीवर चढून पाह्यलं, ठोकून पाह्यलं, तरी मले समजलं नाही. मी बसली असती."

बाप्पा! आमच्या शेडमंदी एका मानसानं आजवर म्हनलं नव्हतं का मले समजलं नाही. फोरमनले तर समदंच समजते, मशीन बंद पडल्यावर बी. अन् ही बाई, जिच्या लाइनीकडं पाहून आमी शिकलो, ती साऱ्याईपुढं उभी राहून सांगते का मी फसली. मले शिव्या खाव्या वाटल्या. शिव्या असत्या त मी दोन मजाक करून सुटलो असतो.

मंग माह्याकडं पाहून म्हने, "लागलं का?"

"नाही."

"लागलं असन. जा घरी. जाचं त तुह्या मनात हायच, समद्या शेडले मालूम हाय. आलास त सोमवारी ये."

बडनेऱ्यापर्यंत गाडीत जागा असून मी उभा राहिलो. बसता येत नव्हतं. एक बुढा म्हने, "बस ना रे बापू." मी म्हनलं, "नवस हाय." उभ्या उभ्या मानसाच्या डोक्यात इचार लवकर येतात वाटते. माही फट मावशीले दिसली नाही. मंग नांदगावले कोनाले दिसन? तथी कोनी झोका टांगत नाही. तथी शेड होईन, रंग मारतीन, अन् खाली मशिनीवर बाया-मानसं बसतीन, डबे खातीन. त्याईच्या आधी पयत जाऊन मले कुठी बसता येईन?

घरी साया मोटरसायकल घेऊन तयारच होता. "चला, जवाईबापू, साइट दाखवतो."

"मी नाही येत."

"काहून?"

"मले वेल्डिंग येत नाही."

तो हसू लागला. "मंग वर्षभर अकोल्याले काय केलं? हुरडा खाल्ला?"

"फट लपवाची कशी, ते शिकलो. ते पक्कं शिकलो. आता भराची कशी, ते राह्यलं."

"तुमी ना, जवाईबापू, जलमभर शिकतच राहान!" तो चिडून निंघून गेला. त्यानं दुसरा मानूस पाह्यला. देव त्याचं भलं करो, अन् त्या शेडचं बी.

बायको म्हने, "बसा आता, पानी देतो."

"बसता येत नाही."

तिनं मले फिरवून पाह्यलं अन् पदर तोंडाले लावून अशी हसली का तिच्या शिलाई मशिनीवरचं गिऱ्हाइकाचं ब्लाउज खाली पडलं. मंग डोये पुसून म्हने, "आनखी वर्षभर मी शिवतो ब्लाउज. पन तुमी पास होजा बाप्पा. पोरगी इचारते मले."

सोमवारी मी शेडमंदी गेलो. मावशीनं मले बाकड्यापाशी बोलावलं. दोन पट्ट्या आनल्या, मधात तेवढीच फट ठेवली, अन् काच डोयापुढं धरून माह्या बाजूले येऊन उभी राहिली.

"कसं लपवलं ते कर."

मले वाटलं टोमना हाय. म्हनलं, "मावशी, सोडा ना आता."

"सोडू कशी? मले ओयखता आलं पाह्यजे. उद्या दुसऱ्यानं केलं त? आस्ते कर, मले दिसलं पाह्यजे."

मी केलं. रॉड तोडला, कोंबला, लाइन मारली. ती वाकून पाहत होती, नवीन पोरीवानी. मंग ठोकलं, कान लावला. पुन्हा कराले लावलं, पुन्हा कान लावला. माह्या जलमात मले कोनी 'पुन्हा दाखव' म्हनलं नव्हतं, अन् म्हनलं तेव्हा ते असं काम. तिसऱ्या वक्ताले तिनं मान हालवली. "हं. आवाज बसका येते थोडा. इतलाच फरक हाय, म्हनून हुकला."

मंग तिनं पक्कडीनं तो तुकडा फटीतून उपटून काढला, पट्ट्या माह्यापुढं सरकवल्या, अन् माह्या मनगटाले एक बोट लावलं.

"चाल. आता हे भर."