नदीवर थांबलेला ठिपका

कॅनडातल्या त्या नदीकाठच्या गावाला शहर म्हणतात, याचाच मला मुळात राग आहे. शहर म्हणे! जिथे रविवारी सकाळी बस नाही, ते कसलं शहर? इथे कतारला, आमच्या दोहात, रविवार म्हणजे आठवड्याच्या कामाची सुरुवात. तिथे रविवार उजाडला की सगळा गाव झोपलेला. इतर दिवशीही काही सुख नाही. तासाला एक बस, ती अ‍ॅपवर ‘वेळेवर’ दिसते आणि थांब्यावर येतच नाही. ते अ‍ॅप मी माझ्याही फोनवर घेतलंय. इथे दोहात, अल थुमामा भागातल्या एका शाळेच्या ऑफिसात बसून मी त्या गावच्या बसवर चरफडत असते.

लेक तिथे नर्सिंग शिकते. त्या महिन्यात तिचं ट्रेनिंग नदीपलीकडच्या वृद्धाश्रमात होतं, आणि बसपायी ती दोनदा उशिरा पोहोचली होती. पुन्हा उशीर झाला तर सगळं पहिल्यापासून करावं लागेल, असं तिला बजावलं होतं. आणि पुढची ड्यूटी नेमकी रविवारी सकाळची!

“टॅक्सी कर,” म्हटलं, तर म्हणाली, “आई, आय विल मॅनेज.” काय मॅनेज करणार, कपाळ! लहानपणापासून शाळेला गाडी, ट्यूशनला गाडी, मैत्रिणीकडे जायचं तरी गाडी.

मग मी इथला हुकमी उपाय केला. कुणाला कुठे जायचं असलं की कुणाच्या तरी गाडीत त्याच्यासाठी जागा शोधायची. याला इथे कारलिफ्ट म्हणतात, आणि त्यावर आमचे निम्मे संसार चालतात. शाळेतले अकाउंटंट रत्नागिरीचे, त्यांचा भाचा त्याच गावात राहतो. “ताई, टेन्शन कशाला घेता? माझा भाचा हाय ना तिकडं. इन्शाल्ला, वेळेवर गाडी दारात. खलास!” लेकीला मी काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर नाहीच म्हणाली असती. दारात गाडी आली की बसेल मुकाट्याने, असं मी धरून चालले.

रविवारी दुपारी, म्हणजे तिच्या सकाळी, आमची शाळा सुटली. मी गेटजवळच्या बाकावर नवऱ्याची वाट बघत होते. आमची बिल्डिंग त्या बाकावरून दिसते, पण मध्ये मोठा रस्ता, म्हणून रोज तोच न्यायला येतो आणि रोज कुठल्या तरी सिग्नलला अडकतो. तेवढ्यात भाच्याचा फोन आला. “आंटी, मी केव्हाची बेल वाजवतोय. घरात कुणी नाही.”

आम्ही तिघं कुठे आहोत ते एकमेकांना फोनच्या नकाशावर दिसतं. उघडून बघते तर लेकीचा ठिपका नदीवर! अलीकडे नाही, पलीकडे नाही, निळ्या पट्ट्याच्या बरोबर मध्ये, आणि हलत नव्हता. फोन केला, उचलेना. पुन्हा केला. नवऱ्याला केला, तर म्हणे, “सिग्नलला आहे, आलोच.” त्याच्यावर मी अशी खेकसले की गेटवरचा वॉचमन दचकला. गणपतीला काहीतरी नवस बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही.

मग तिचाच फोन आला. “आई, काय झालं? इतके मिस्ड कॉल?”

“नदीत काय करतेस तू?”

“नदीत? अगं, ब्रिजवर होते. जुना रेल्वेचा आहे, आता फक्त चालायला ठेवलाय. नदी पूर्ण फ्रीझ झालीये, ती बघत थांबले. ग्लव्ह्ज होते, फोन कळला नाही. आता पोहोचले. आय अ‍ॅम अर्ली.”

म्हणजे भाच्याची झोप वाया, गाडी वाया आणि नवस गळ्यात. मला रडू येत होतं, पण बाहेर पडला तो रागच. “एवढ्या बर्फात चालत? तुझ्यासाठी दारात माणूस उभा केलाय मी!”

ती मग म्हणाली, “मी त्याला सॉरी म्हणते. तू घरी पोहोचलीस?”

“बाबा येतायत.”

“माहितीये. तुझा ठिपका कधीचा गेटवरच आहे.” आणि मग अगदी हळू, “आई, तिथून घर दिसतं ना?”

दिसत होतं. गॅलरीत सकाळी मी वाळत घातलेला टॉवेलसुद्धा दिसत होता.