मराठीत दिलेला शब्द

एम.ई.ला असताना मी कामाचे दोन भाग केले होते. सोमवार ते शुक्रवार प्रबंध, शनिवार-रविवार बाहेरची कामं. बाहेरची कामं म्हणजे आमच्या विद्यार्थी मंडळाची. शाळांत जाऊन पुठ्ठ्याचा सिग्नल उभा करायचा आणि मुलांना रस्ता ओलांडायला शिकवायचं, परिसंवादांसाठी निबंध तयार करायचे, आणि जिथे रस्ता रुंद होणार तिथल्या लोकांशी बोलायचं. विषय वाहतूक अभियांत्रिकी. वर्गात मुलगी मी एकटीच, त्यामुळे गावातल्या बायकांशी बोलायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं. पुठ्ठ्याच्या सिग्नलपेक्षा नक्कीच जास्त.

तेव्हा सगळीकडे रस्त्यांचंच चाललं होतं. मारुती गाड्या वाढल्या होत्या, खासगी बसगाड्या एकमेकींच्या पुढे धावत होत्या, आणि तंजावरहून कुंभकोणमला जाणारा रस्ता प्रत्येक गावाच्या पोटातून जायचा. पापनाशमच्या अलीकडे एका गावाला बायपास काढायचं ठरलं. आमच्या विभागाकडे पाहणीचं काम आलं आणि ते माझ्या मार्गदर्शकांनी घेतलं.

माझे मार्गदर्शक आईच्या दूरच्या नात्यातले. घरी मामा, कॉलेजात सर. आमच्यासारखीच पिढ्यान्‌पिढ्या तंजावरात राहिलेली मराठी माणसं. आता ज्यांनी हे कधी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. आम्ही बाजारात, ऑफिसात, शेजारी तमिळ बोलतो. मराठी घरात. चारचौघांत मराठी काढली तर ती दार लावून बोलल्यासारखी. साडीच्या दुकानात आई विक्रेत्यासमोर छान हसत आम्हाला सांगायची, ‘रंग जातो याचा, उठा आता.’ पाहुण्यांसमोर, डॉक्टरांसमोर, बसच्या कंडक्टरसमोर, हेच. आणि एक नियम लहानपणापासून पाठ: मराठीत बोललेलं तमिळात बाहेर सांगायचं नाही. मार मिळायचा त्याबद्दल.

गावात माझी ओळख झाली ती शाळेत दुपारचं जेवण रांधणाऱ्या बाईंशी. सगळे त्यांना अक्का म्हणायचे, मीही म्हणू लागले. उंच, खणखणीत आवाजाच्या, हातात कायम भला मोठा डाव. पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, ‘ए पोरी, मोजायचं तर बसायला सावली नको का? ये इकडे.’ मी शाळेजवळच्या बसथांब्यावर वाहनं मोजत होते.

अक्कांची मुलगी कुंभकोणमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. घराण्यातली कॉलेजला गेलेली पहिली. तिच्या वडिलांची एकच अट होती: बस गावात थांबते तोवर शिकायचं. संध्याकाळी उतरली की घर समोर, लोकांच्या डोळ्यांदेखत. बस बायपासवर गेली तर उतरायचं कालव्याच्या पलीकडे, आणि मग भातशेताच्या बांधावरून यायचं. तशा आणखी चार-पाच मुली होत्या. गावातल्या बायकांचा बायपासला विरोध नव्हता. थांबा शाळेपाशीच राहावा, गावात येणाऱ्या बस बंद होऊ नयेत, एवढंच.

त्यांनी तयारीही केली होती. सोमवारी कलेक्टर कचेरीत गाऱ्हाणी ऐकतात, तिथे सगळ्या मिळून जाणार होत्या. एक ट्रॅक्टर ठरला होता. हरकती घ्यायची मुदत अजून होती.

मी सरांना म्हटलं, त्याआधी तुम्ही एकदा भेटा. ते आले. शाळेच्या स्वयंपाकघराच्या ओसरीवर बायका बसल्या, सरांना खुर्ची दिली. सरांनी तमिळात रस्त्याच्या प्रगतीबद्दल चांगलं भाषण केलं. थांब्याबद्दल एक शब्द नाही. अक्का मला कोपर मारून म्हणाल्या, ‘तुझे सार आभाळातल्या गोष्टी सांगतायत. थांब्याचं विचार.’

मी सवयीने मराठीत विचारलं. ‘मामा, थांबा इथेच राहील ना?’

‘राहील गे,’ ते म्हणाले. ‘मी बघतो. उगाच कचेरीत गोंधळ कशाला.’

‘नक्की ना?’

‘अगे, घरच्या पोरीला खोटं सांगेन काय मी?’

‘सार काय म्हणतात?’ बायकांनी विचारलं.

मी तमिळात सांगितलं: थांबा राहणार आहे. सर स्वतः बघणार आहेत. कचेरीत जायची गरज नाही.

सर ऐकत होते. त्यांनी मान हलवली नाही, नकारही दिला नाही. चष्मा पुसला. ट्रॅक्टर रद्द झाला. अक्कांनी सगळ्यांना ताक दिलं.

त्यानंतर मद्रासला परिसंवाद होता. निबंधात गावाच्या भेटींचा भाग मी लिहिला होता, बायकांच्या मागणीसकट. मला वाटलं होतं, तो भाग मी वाचेन. ऐनवेळी सर म्हणाले, ‘वेळ कमी आहे, मी वाचतो, तू प्रोजेक्टरवर पारदर्शिका बदल.’ गठ्ठा त्यांनीच लावून दिला होता. मी एकामागून एक पान काचेवर ठेवत गेले. एक पान ठेवलं, सरळ केलं, आणि मागे भिंतीवर बघितलं. बायपासचा नकाशा होता. थांबा कालव्याच्या पलीकडे. पुढच्या पानावर इंग्रजीत एकच ओळ: स्थानिक महिलांशी चर्चा झाली, हरकत आली नाही. माझं पान गठ्ठ्यात नव्हतंच.

समोर सरकारी खात्याचे मोठे लोक बसले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ‘लोकांना सोबत घेऊन काम करणं यालाच म्हणतात,’ असं एकजण म्हणाले. सरांनी माझ्याकडे हात केला, ‘माझ्या विद्यार्थिनीचं श्रेय.’ मी प्रोजेक्टरचा दिवा बंद केला.

बाहेर जेवणाच्या रांगेत मी त्यांना गाठलं. ‘मामा, तुम्ही म्हणालात, राहील.’

‘हळू बोल.’

‘बायकांसमोर म्हणालात.’

‘बायकांसमोर?’ ते खरोखरच चकित झाले. ‘मी तुझ्याशी बोललो. आपल्यात. तू पुन्हा पुन्हा विचारत होतीस, म्हणून समजूत घातली. ते तू तमिळात सांगायला गेलीस कशास? घरातलं बोलणं वेशीवर टांगतात काय?’

‘मग तेव्हाच का नाही अडवलंत?’

‘परक्यांसमोर घरच्या पोरीचा अपमान करू?’ त्यांनी ताटात भात वाढून घेतला. ‘जेव आता.’

त्यांच्या खोटं बोलण्याचा मला राग कमी आला. राग आला तो त्यांना आपण खोटं बोललो असं वाटतच नव्हतं याचा. माझ्या लेखी मराठीत दिलेला शब्द म्हणजे सही-शिक्क्यापेक्षा पक्का, कारण तो आपल्या माणसाने दिलेला. त्यांच्या लेखी मराठीत बोललेलं जमेतच धरायचं नव्हतं.

घरी आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. सगळं ऐकून म्हणाली, ‘चुकलं त्यांचं. पण आपल्यातलं बाहेर सांगायची काय गरज होती तुला?’ आणि थोड्या वेळाने, ‘थांब्यापायी मामाशी तोडणार आहेस?’

त्याच आठवड्यात गावात गेले आणि अक्कांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी चुलीवरचं पातेलं उतरवलं, मग ऐकलं. ‘मुदत?’ एवढंच विचारलं. मुदत संपली होती. ‘तरी जाऊ,’ म्हणाल्या.

सोमवारी आम्ही कलेक्टर कचेरीत गेलो. सहा-सात बायका आणि मी. टेबलामागच्या कारकुनाने फाईल काढली, चांगल्या शब्दांत सांगितलं: ‘गावाशी चर्चा झाली आहे. तेव्हा का नाही बोललात?’

‘थांबा राहणार म्हणून सांगितलं आम्हाला,’ अक्का म्हणाल्या.

‘कोणी?’

अक्कांनी माझ्याकडे बोट केलं.

‘तुम्ही कोण?’

‘विद्यार्थिनी,’ मी म्हटलं. ‘पण शब्द सरांनी दिला. या सगळ्यांसमोर दिला.’

कारकुनाने बायकांकडे बघितलं. ‘तुम्ही ऐकलं का सरांना असं बोलताना?’

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. एकीने खरं ते सांगितलं. ‘सार त्यांच्या भाषेत बोलले. काय बोलले, देवाला ठाऊक. या मुलीने आम्हाला सांगितलं.’

‘मग सरांनी काही सांगितलं नाही,’ कारकून म्हणाला आणि फाईल मिटली. त्याचंही चुकलं नव्हतं.

मी त्यांना गावापर्यंत सोडायला गेले. बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या. मग म्हणाल्या, ‘तुझे मामा आमच्याशी कधी बोललेच नाहीत. बोललीस ती तू. आम्ही तुझं ऐकलं.’ आवाजात राग नव्हता. शाळेपाशी बस थांबली, त्या उतरल्या. नेहमी म्हणायच्या, ‘चल, जेवून जा.’ त्या दिवशी म्हणाल्या नाहीत.

मी मार्गदर्शक बदलून मागितला. विभागप्रमुखांनी कारण विचारलं, मी सांगितलं, त्यांनी ‘घरगुती वाद’ असं समजून परवानगी दिली. प्रबंध एक सत्र लांबला. मामा आमच्याकडे सणावाराला येत राहिले. मी वाढायचे, बोलायचे नाही. त्यांनी कधी विचारलंही नाही.

बायपास सुरू झाला तेव्हा अक्कांची मुलगी दुसऱ्या वर्षाला होती. थोडे दिवस वडील कालव्यापलीकडे सायकल घेऊन उभे राहायचे. कापणी आली, त्यांना वेळ होईना. मग तिचं कॉलेज थांबलं. हे मला अक्कांनी सांगितलं नाही. मी नवीन थांब्यावर वाहनं मोजायला गेले होते, तिथे बसची वाट बघणाऱ्या दुसऱ्या मुलीने सांगितलं. हिचे वडील संध्याकाळी न्यायला अजून यायचे.