क्रेनवाल्या वासुदेवचं प्रोस्टेट

पुरुष आपली दुखणी कोणाला सांगत नाहीत, आणि एकदा सांगायला लागले की आवरत नाहीत! आमच्या सेक्टरच्या बागेत सकाळी फिरून झालं की आम्ही तीन-चार रिटायर्ड स्टील प्लांटवाले एका बाकावर बसतो. मी टाइम ऑफिसचा, म्हणजे हजेरीचा कारकून. पूर्वी आमचा विषय असायचा प्रमोशन, आता प्रोस्टेट. रोज एक तरी किस्सा जमा होतोच. त्यातले बरेचसे आमच्या वासुदेवचे. खुर्सीपार वस्तीतला हा गडी तीस वर्षं प्लांटात क्रेन ऑपरेटर होता.

*

वासुदेवला डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, "रात्री लघवीला किती वेळा उठता?"

"चार-पाच वेळा. पण तो आजार नाही साहेब, नाइट शिफ्टची सवय हाय!"

शेजारी त्याची बायको, शांतावहिनी. त्या म्हणाल्या, "रिटायर होऊन सहा वर्सं झाले यायले!"

डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली. पुढे बायोप्सी झाली आणि कॅन्सर निघाला. सुदैवाने तो अजून ग्रंथीच्या बाहेर गेला नव्हता.

*

बाकावर सल्ल्यांना तोटा नव्हता. अनुभवी म्हणाल तर एकटे धोटेसाहेब. वयामुळे आणि हार्टमुळे त्यांचं ऑपरेशन न करता डॉक्टरांनी रेडिएशन दिलं होतं. आठवड्याचे पाच दिवस, असं सात आठवडे.

"वासुदेव, घाबरू नको. फक्त टाइमावर जा लागते," ते म्हणाले.

आता हेच धोटेसाहेब नोकरीत कधी वेळेवर आले नाहीत. त्यांच्या हजेरीचं कार्ड माझ्याच हातात असायचं! मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं.

"पाहतो काय? रेडिएशनले एक दिवस नागा नाही माह्या!"

*

वासुदेवला मात्र डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं, रायपूरला, रोबोटने. तिथले डॉक्टर नागपूरचे, मराठी बोलणारे निघाले, त्यामुळे अर्धी भीती तिथेच गेली. सोबत मीही होतो.

"रोबोट आपल्या मनानं काही करत नाही काका," डॉक्टर म्हणाले. "मी तिकडे कोपऱ्यात मशीनवर बसतो. स्क्रीनवर पाहतो आणि त्याचे हात चालवतो."

वासुदेव एकदम ताठ बसला. "म्हंजे क्रेनवानी केबिनमंधी बसून?"

"तसंच समजा."

"मंग खाली सिग्नल कोन देते?"

"माझी असिस्टंट डॉक्टर असते ना पेशंटजवळ."

"किती वर्सं झाले तिले?"

"चार."

"चालते!" वासुदेव म्हणाला. डॉक्टर इंटरव्ह्यूत पास झाले होते!

*

ऑपरेशननंतर काही दिवस लघवीवर ताबा राहत नाही, म्हणून आधीपासून करायचा एक व्यायाम त्याला शिकवला. आतले स्नायू आवळायचे, धरायचे, सोडायचे. बसल्या जागी, कोणाला कळतसुद्धा नाही. दोस्तासाठी म्हणून आम्ही सगळ्यांनीच सुरू केला. बाकावर ओळीने बसायचं, डोळे मिटायचे, धोटेसाहेब दहा आकडे मोजणार.

एक दिवस पळायला आलेली एक पोरगी थांबली आणि हात जोडून म्हणाली, "अंकल, आप लोग कौन-सा मेडिटेशन करते हैं? मेरे पापा को भी सिखा दीजिए ना!"

धोटेसाहेबांनी डोळे न उघडता सांगितलं, "साठ के बाद भेजना!"

*

एवढं सगळं झालं, तरी वासुदेव ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही करेना. "तारीख भेटून नाही राहिली," असं वहिनींना सांगत त्याने तीन आठवडे काढले. शेवटी त्या स्वतःच मला घेऊन रायपूरला निघाल्या. वासुदेव गुपचूप गाडीत मागे बसला.

डॉक्टरांनी सगळं पुन्हा समजावलं, मग आवाज खाली आणला. "काकू, यानंतर नवरा-बायकोच्या संबंधांवर परिणाम होऊ शकतो."

वासुदेव पंख्याकडे पाहू लागला.

"याच्यासाठी थांबून राहिले होते तुमी?" वहिनींनी नवऱ्याला विचारलं. मग डॉक्टरांकडे वळल्या. "साहेब, तीस वर्सं शिफ्ट ड्यूटीपायी हा मानूस मले घरी भेटला नाही. आता भेटला. मले हा घरी पाहिजे. तुमाले जे काढाचं ते काढा!"

आणि पेन त्याच्या हातात दिला. वासुदेवने तीन ठिकाणी सही केली, लागत होती दोन ठिकाणी.

*

ऑपरेशनच्या दिवसाचं वासुदेवने स्वतःच सांगितलं, महिन्याभराने बाकावर परत आला तेव्हा.

त्याला टेबलावर झोपवलं होतं. वर रोबोटचे हात, कोपऱ्यात मशीनवर डॉक्टर. भूल द्यायची तेवढी बाकी होती. आणि वासुदेव थरथर कापायला लागला.

डॉक्टर उठून जवळ आले. "काका, काय झालं?"

"साहेब, तीस वर्सं मी क्रेनच्या हुकाखाली कोनाले उभं राहू नाही देल्लं. आज मीच खाली झोपून राहिलो."

"मग काय करू, सांगा."

"काही नाही. लोड हलवाच्या पहिले घंटी वाजवा लागते. तुमी वाजवली नाही."

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं. ऑपरेशन थिएटरात घंटी कुठून असणार! तेवढ्यात सिस्टरने स्टीलचा एक रिकामा ट्रे उचलला आणि त्यावर चिमट्याने वाजवलं. टण्! टण्! टण्!

वासुदेवने डोळे मिटले. "हां. आता उचला!"