दारातला काळोख

आईचा तरुणपणीचा एकच फोटो होता, घराच्या दारापुढे उभी असतानाचा. त्याची निगेटिव्ह घेऊन मी आईसोबत दहिवलीत एका कृष्णधवल फोटो छापणाऱ्याकडे गेलो. आमच्या जुन्या प्रतीत आईमागचं दार नुसतं काळंकुट्ट होतं.

त्या माणसाला घाई ठाऊकच नव्हती. निगेटिव्ह स्कॅन केल्यावर त्याने आधी पांढऱ्यापासून काळ्यापर्यंतच्या चौकोनांची पट्टी छापली, ती वाळेपर्यंत हात मागे बांधून उभा राहिला आणि मग एकेक चौकोन किती काळा आहे ते यंत्राने मोजलं.

"शेवटचे पाच सारखेच काळे हायेत. कागद शाई जास्त पितोय," म्हणत त्याने प्रिंटरचं प्रोफाइल, म्हणजे कुठल्या छटेला किती शाई सोडायची याचं गणित, नव्याने बनवलं. असं तीनदा केलं.

मग फोटो हातात आला आणि मी हादरलो. आईमागच्या अंधारात, उंबऱ्याच्या आत, एक लहान मुलगी बसली होती.

"थोरली!" आई किंचाळलीच. माझ्या जन्माआधी गेलेली ताई. तिचा फोटोच नाही, असं आम्ही धरून चाललो होतो.

"मला बी फोटोत घे म्हणून रडत व्हती. मीच आत ढकलली रं तिला."

तो माणूस स्टूल ओढून आईसमोर बसला.

"आली की वो मावशी ती फोटोत," तो म्हणाला. "आमालाच आजवर छापता आली नाय."